पाचूबंदरचे फुगे



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे 'फुगे' हा शब्द वाचून पुष्कळांना छापखान्याची चूक झाल्याचे वाटले. एका गृहस्थांनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारलेसुद्धा, "अहो, तुमचा विषय 'मजुरांचे लढे' असा असणार ना?" आम्ही म्हटले, नाही, फुगेच. त्यांची थोडी निराशा झाली. युनियनच्या माणसाने व्यासपीठावर चढावे, मूठ आवळावी, दोन घोषणा द्याव्यात आणि खाली उतरावे, अशी लोकांची अपेक्षा असते. आज मूठ आवळायचीच आहे, पण ती पिठात. फुगा करायचा तर मूठ आवळावीच लागते. ती कशी, हे पुढे येईल.

प्रथम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. हा फुगा जत्रेतला रबरी नव्हे. मैदा, अंडी आणि नारळाचा रस एकत्र करून आंबवलेल्या सैल पिठाचा, लिंबाएवढा, तेलात तळलेला गोळा म्हणजे फुगा. मुंबईकडचे ईस्ट इंडियन बांधव त्याला फुग्या म्हणतात. तेलात पडला की टम्म फुगतो, म्हणून हे नाव; त्यात दुसरे गूढ काही नाही. वसईच्या किल्ल्याला लागून जे आमचे पाचूबंदर आहे, त्या कोळीवाड्यात लग्नघरी फुगे झाले नाहीत तर लग्न लागले असे म्हातारी माणसे मानत नाहीत. मटणाच्या किंवा डुकराच्या रश्शाबरोबर ते खातात, आणि उरले तर दुसऱ्या दिवशी चहात बुडवूनही. आमच्या मते दुसऱ्या दिवशीचाच अधिक चांगला, पण हे लग्नघरी बोलू नये.

आम्ही याच वाड्यातले. सातवीनंतर शाळा सुटली, सोळाव्या वर्षी मुंबईच्या एका बेकरीत रात्रपाळीला लागलो, आणि जे काही वाचले ते भट्टी तापेपर्यंतच्या वेळात वाचले. त्यामुळे आंबवलेल्या पिठाशी आमचे नाते जुने आहे. पुढे बेकरी कामगारांच्या युनियनचे काम अंगावर आले आणि पीठ मळायचे सुटले. परंतु पिठाचा वास आला की अजूनही पावले थबकतात.

आता हे फुगे ब्राझीलशी कसे जाऊन भिडतात ते सांगतो, कारण हा विषय आम्हांला सुचला तो एका ब्राझिलियन बाईमुळे. २००४ सालच्या जानेवारीत गोरेगावला जागतिक सामाजिक मंच भरला होता. या मंचाचा जन्म २००१ साली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहरात झालेला. त्या वर्षी तो प्रथमच त्या देशाबाहेर, आपल्याकडे आला. धूळ, ढोल आणि शंभर भाषा. तिथे ब्राझीलहून आलेल्या, आमच्यासारखेच खाद्यपदार्थांच्या धंद्यातल्या कामगारांचे काम करणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांची भाषा पोर्तुगीज, आमची मराठी, मध्ये एक बिचारा दुभाषा विद्यार्थी. आमच्या घरून डब्यात फुगे दिले होते. बाईंनी एक तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि दुभाष्याची वाट न पाहता म्हणाल्या, "बोलिन्यु जी शूव्हा!"

अर्थ कळला तेव्हा आम्ही दोघेही हसलो. पावसाचे गोळे. तिकडे पावसाची झड लागली, पोरे घरात अडकली, की आई किंवा आजी मैदा, अंडी, साखर, दूध कालवून चमच्याने तेलात गोळे सोडते आणि काढल्यावर साखर नि दालचिनीच्या पुडीत घोळवते. पाऊस पडला की आपल्याकडे कांदाभजी, तिकडे हे. त्यांचा एक थोरला भाऊही आहे, 'सोन्यु', म्हणजे स्वप्न. तो खमीर घालून फुगवतात आणि त्यात गोड साय भरतात. पण घरोघरचा म्हणावा असा पदार्थ पावसाचा गोळाच.

हे नाते आले कुठून? उत्तर आमच्या किल्ल्याच्या भिंतीत आहे. १५०० साली पोर्तुगीजांचा एक काफिला कालिकतला यायला निघाला आणि वाटेत पश्चिमेकडे सरकून ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. म्हणजे ब्राझील त्यांना सापडले ते हिंदुस्थानच्या वाटेवर! पुढे १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना दिली, आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. दोनशे पाच वर्षे. तिकडे ब्राझील १८२२ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होते. एका धन्याच्या दोन वखारी, तसे हे दोन किनारे. काजू तिकडून इकडे आला, अननस आला. नारळ तिकडे गेला. पोर्तुगालात सणासुदीला अंड्यामैद्याचे तळीव गोळे करतात. आमचा तर्क असा की ती रीत इथे आली आणि आमच्या बायकांनी तिला नारळाच्या रसात बुडवून आपलीशी केली. पाव हा शब्द त्यांचा, फुगा हा शब्द आपला. यावरून कोणी किती घेतले नि किती घातले हे ज्याने त्याने ठरवावे.

त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही पुढे वाचून ताडून पाहिली. मोंतेइरो लोबातो नावाचे त्यांचे एक लेखक होऊन गेले, १८८२ ते १९४८. त्यांच्या मुलांसाठीच्या गोष्टी एका शेतावरच्या घरात घडतात. घराची मालकीण दोना बेंता ही गोरी आजी. स्वयंपाकीण तिया नास्तासिया, काळी. ज्या देशात गुलामगिरी कायद्याने बंद व्हायला १८८८ साल उजाडावे लागले, त्या देशातल्या स्वयंपाकघराचे हे चित्र आहे. पावसाचे गोळे तळण्यात या नास्तासियाची कीर्ती आहे. पण १९४० साली या गोष्टींतल्या नावाने पाककृतींचे एक जाडजूड पुस्तक निघाले, घरोघर गेले आणि आजही छापले जाते. त्यावर नाव कोणाचे? दोना बेंताचे. बाई म्हणाल्या, "गोळे तळले एकीने, पुस्तक झाले दुसरीचे." दुभाषा मुलगाही हे सांगताना जरा चाचरला.

ते वाक्य आमच्या डोक्यात अनेक वर्षे पडून राहिले. त्याचे काय झाले ते सांगण्याआधी कृती सांगून टाकतो. नाहीतर समोरच्या भगिनी वही-पेन्सिल घेऊन बसल्या आहेत, त्यांची फसवणूक होईल.

एक किलो मैदा. चार अंडी. एका मोठ्या नारळाचा दाट रस, आणि लागेल तसा दुसरा पातळ रस कोमट करून. साखर तीन मोठे चमचे, मीठ दीड लहान चमचा, तूप दोन मोठे चमचे. आणि खमीर. आमच्या आजीच्या वेळी खमीर म्हणजे ताडी. झाडावरून पहाटे उतरलेली नीरा गोड असते. पण मडक्याला चुना फासला नसेल तर काही तासांतच हवेतले आणि मडक्यातले बारीक जीव तिच्यातली साखर खाऊ लागतात, फेस येतो. तो फेसच पीठ फुगवतो. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा आला आणि पिठापुरती वाटीभर ताडीसुद्धा पदराआड आणावी लागे, असे आई सांगायची. दारू पिणारे प्यायचे थांबले की नाही देव जाणे, फुगे मात्र काही वर्षे चपटे झाले! मग दुकानातले सुके खमीर आले. किलोला दोन लहान चमचे पुरे. ते आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटे ठेवा. फेस आला तर खमीर जिवंत आहे. नाही आला तर फेकून द्या. मेलेल्या खमिराला कितीही वेळ दिला तरी ते उठत नाही. पाणी बोटाला गरम लागले तरी ते मरते, हे लक्षात असू द्या.

पीठ कणकेसारखे घट्ट नको आणि भज्यांसारखे पातळही नको. उचलले तर हाताबरोबर ताणून वर यावे आणि जड थेंबासारखे खाली पडावे. आता खरे काम. पातेले मांडीशी घट्ट धरून उघड्या तळहाताने हे पीठ खालून वर उचलायचे आणि आपटायचे, अर्धा तास. आम्ही बेकरीत मण-मण पीठ मळले आहे, पण फुग्याचे पीठ आपटताना पंधराव्या मिनिटाला खांदा बोलू लागतो. आपटल्याने मैद्यातला चिकटपणा ताणला जातो, त्याचे जाळे तयार होते. खमिराने सोडलेला वायू या जाळ्यात अडकून राहतो. जाळे कच्चे तर वायू निसटतो आणि फुगा आतून गच्च राहतो. पिठावर बुडबुडे येऊन ते पातेल्याची कड आपसूक सोडू लागले की झाले. मग ओले फडके घालून ठेवा. उन्हाळ्यात दोन तास, पौष महिन्यात चार. दुप्पट व्हायला हवे. पण ठेवून झोपी जाऊ नका. वेळ टळली की पीठ आंबूस होऊन बसते, आणि बसलेल्या पिठाचा फुगा तेल पितो.

तेल तापले का हे पाहायला पिठाचा एक थेंब टाका. तो तळाशी जाऊन लगेच वर यावा. धूर येऊ लागला म्हणजे फार झाले. आता ती मूठ. हात मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि झटकून काढायचा, कारण पाण्याचा थेंब कढईत गेला तर तेल अंगावर उडते. डाव्या मुठीत पीठ घ्यायचे, आवळायचे, अंगठा नि तर्जनी यांच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो; तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून कढईच्या कडेने अलगद सोडायचा. पिठातल्या पाण्याची वाफ होते, वायू तापून पसरतो आणि गोळा गर्रकन फिरून स्वतःच पालथा होतो. फिरला तर पीठ जमले असे समजा. झाऱ्याने वर तेल उडवत राहा. बदामी रंगावर काढा. पहिला घाणा पोरांना द्या. तो वेडावाकडाच होतो.

ज्यांना चार तास नाहीत त्यांनी ब्राझीलचा पावसाचा गोळा करावा. दोन अंडी, तीन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि एक कप दूध फेटा. त्यात अडीच कप मैदा आणि एक मोठा चमचा बेकिंग पावडर हलक्या हाताने कालवा. हे आपटायचे नाही, उलट जास्त ढवळले तर गोळे चिवट होतात. दोन चमच्यांनी तेलात सोडा. आच मध्यम ठेवा, नाहीतर बाहेरून काळे आणि आत कच्चे. साखर-दालचिनीत घोळवा. अर्ध्या तासात काम. पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, घरात पैसा नसतो; तेव्हा आमची आई अंडे नसले तर अंड्याशिवाय, गूळ घालून, असेच काहीतरी करीत असे. त्याला नाव नव्हते. ब्राझीलमध्ये त्याला इतके सुंदर नाव आहे हे तिला कळले असते तर ती म्हणाली असती, नावाने पोट भरते का?

आता दुसरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यातल्या चार बायका लग्नाचे फुगे ऑर्डरीवर करू लागल्या. ऑर्डर जेवणाच्या ठेकेदाराची, काम यांचे. मजुरी शेकड्यावर. एका सकाळी त्यांतली थोरली मावशी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "तू सगळ्या मुंबईचा हिशेब मांडतोस. जरा आमचा मांड."

मांडला. पाचशे माणसांचे लग्न, माणशी चार फुगे, म्हणजे दोन हजार. एका किलोत ऐंशी-नव्वद होतात, म्हणजे मैदा चोवीस किलो आणि नारळ चोवीस. संध्याकाळी सहाला नारळ फोडायला बसायचे; खवणे, वाटणे, पिळणे यात नऊ वाजतात. मग आठ पातेली पीठ आपटायचे. चौघींचा तास गेला, दहा वाजले. पौषातली थंडी, दोनपर्यंत पीठ फुगणार. या चार तासांत कोणीतरी जागे राहून पातेली हलवायची. जे लवकर चढते ते थंड ओट्यावर, जे मागे आहे ते चुलीजवळ. मग तळणे. कढईत एका वेळी बारा, घाण्याला चार मिनिटे. दोन हजारांना एकशे सदुसष्ट घाणे, म्हणजे अकरा तास. दोन कढयांवर साडेपाच. सकाळी साडेसात. एकूण साडेतेरा तास. आणि शेकड्याचा भाव ठेकेदाराने कशावर बसवला होता? तळण्याच्या साडेपाच तासांवर.

आम्ही त्याच्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याने आम्हांला चहा पाजला. नारळाच्या कामाचे पैसे द्यायला तो कुरकुरत तयार झाला. पण रात्रीच्या राखणीचे? तो म्हणाला, "पीठ आपोआप फुगते. त्याचे पैसे कसले?" मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "मग उद्या तू फुगवून आण. आम्ही पहाटे तळायला येतो."

आम्ही आयुष्यात पुष्कळ वाटाघाटी केल्या, पण आमच्या बाजूने इतके चोख उत्तर आम्हांला कधी सुचले नाही. ठेकेदाराच्या वाक्यात काही दुष्टपणा नव्हता, आणि म्हणूनच ते अवघड होते. कारखान्याच्या दारावर घड्याळ असते, भोंगा असतो. पहारेकरी रात्रभर खुर्चीवर बसून राहिला तरी त्याला पगार मिळतो, कारण बसणे हेच त्याचे काम आहे असे मालकाने मानलेले असते. घरात पातेल्याशेजारी जागणाऱ्या बाईचे जागणे मात्र तिच्या स्वभावात धरले जाते. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्यात कामगार म्हटले गेले. १९९६ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी एकशे सत्त्याहत्तर क्रमांकाचा करार केला. आपल्या देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. विडीचे जमले, मग फुग्याचे का जमू नये, एवढाच आमचा साधा प्रश्न होता.

चौघींनी दोन लग्नांच्या ऑर्डरी सोडल्या. खरे तर तिघींनी. चौथीच्या नवऱ्याच्या होडीचे इंजिन दुरुस्तीला होते, कर्जाचा हप्ता अंगावर होता. ती एकटीच गेली आणि बाहेरून दोन पोरी मदतीला घेऊन तिने ते लग्न काढले. सभेत आम्ही अशांना जे नाव ठेवतो ते त्या वेळी आमच्या तोंडून निघाले नाही. मावशीने तिच्याशी महिनाभर बोलणे टाकले, आणि नंतर तिच्याच धाकट्या मुलीच्या कम्युनियनला फुगे करून दिले, फुकट. तिसऱ्या लग्नाला ठेकेदार आला. नारळाचे पैसे पूर्ण, राखणीच्या चार तासांचे निम्मे, असे ठरले. कागद केला. त्यावर चौघींच्या सह्या घेतल्या, चौथीचीही.

हा विजय म्हणून आम्ही सांगत नाही. पुढच्या हंगामात त्याच ठेकेदाराने निम्म्या ऑर्डरी दुसरीकडे वळवल्या. तिथे पीठ यंत्रात फिरते, खमिराबरोबर बेकिंग पावडरही घालतात, रात्र जागावी लागत नाही. ते फुगे गोल, एकसारखे आणि थंड झाले की रबरी होतात. लोक खातात. उरलेल्या निम्म्या ऑर्डरी ज्यांना फरक कळतो त्यांच्या. त्या अजून आमच्या वाड्यात येतात. पूर्ण राखणीचे पैसे मिळावेत म्हणून बोलणे चालू आहे. चौघी आता थेट लग्नघराकडूनच काम घ्यायचे म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या दोन मोठ्या कढया आणि गॅसची शेगडी यांचा खर्च कसा उभा करायचा, यावर येत्या रविवारी बैठक आहे.

अध्यक्षमहाराजांनी चिठ्ठी पाठवली आहे की वेळ संपली. संपवतोच. सभागृहाबाहेर डाव्या हाताला दोन टोपल्या आहेत. चौघींनी काल संध्याकाळी सहाला बसून केलेले तीनशे फुगे त्यांत आहेत. टोपलीवर भाव लिहिला आहे आणि तो कसा बसवला याचा हिशेब त्याच कागदावर खाली मांडला आहे. नारळ, आपटणे, राखण, तळण, सगळे वेगळे. ज्यांना हिशेब पटणार नाही त्यांनी मावशीशी बोलावे. ती तिथेच बसली आहे.